चौघांत ऐकू येणारा बेस

माझ्याकडे कुणी बेस गिटार घेऊन आलं की मी ती केसमधून लगेच बाहेर काढू देत नाही. आधी विचारते, कुणाबरोबर वाजवता? ड्रमर आहे, तबला-ढोलक आहे, की कीबोर्डवाल्याच्या रिदमवर चालतं? गाणी कुठली? जागा केवढी? समोरचा पिकअप बदलायला आलेला असतो, प्रीअँप बसवायला आलेला असतो, त्याला ही चौकशी अवांतर वाटते. "सध्या घरीच वाजवतो," असं उत्तर पुष्कळदा मिळतं. काम मी घेते, पण मग हत्यारं काढायची घाई करत नाही.

ही सवय नोकरीतून आली. भोसरीच्या एमआयडीसीत मी कॅलिब्रेशन करते. प्रेशर गेज, थर्मोकपल, ट्रान्समीटर यांच्यात दिवस जातो. एखादा गेज चुकीचं दाखवतोय अशी तक्रार आली की तो टेबलावर तपासण्याआधी लाइनवर कुठे बसवलाय ते बघावं लागतं, कारण टेबलावर बिनचूक असलेला गेज पंपाशेजारच्या थरथरीत चुकू शकतो. बेसचंही तेच आहे. खोलीत एकट्याने वाजवताना झकास वाटणारा आवाज चौघांत गेला की नाहीसा होतो. हौशी लोकांचा सगळ्यात जास्त पैसा आणि जीव या एका गोष्टीपायी जातो, असं मला इतकी वर्षं सुटीच्या दिवशी हे काम करून पक्कं वाटू लागलं आहे.

यामागचं कारण साधं आहे. बेसची सगळ्यात जाड ई तार मोकळी वाजली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. घरच्या सरावाच्या अँपमधल्या आठ इंची स्पीकरला इतका खालचा स्वर नीट देताच येत नाही. तरीही आपल्याला तो ऐकू येतो, कारण त्याच तारेतून ८२, १२४, १६५ अशी वरची कंपनंही निघत असतात, आणि मूळ कंपन गाळलं गेलं तरी मेंदू या वरच्यांवरून ते भरून काढतो. छोट्या अँपवर बेसचा नॉब पुरता फिरवला तर स्वर भरदार होत नाही, स्पीकरचा कोन सुपासारखा नुसता पाखडत राहतो.

घरी बसलेला माणूस आणखी एक गोष्ट करतो. तो मिड कमी करतो आणि खालचं-वरचं दोन्ही वाढवतो. एकट्याला ते फार श्रीमंत वाटतं. बँडमध्ये मात्र तळाची जागा ड्रमच्या किकने घेतलेली असते, वरची जागा झांजांनी आणि गिटारने. बेसचा स्वर ओळखू यावा अशी मोकळी जागा उरते ती मधली, म्हणजे अडीचशे ते आठशे हर्ट्झच्या आसपासची, आणि नेमकी तीच त्याने कापलेली असते. मग लोकांना जमिनीतून थरथर जाणवते, सूर कळत नाही.

हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा आला होता. जॅझ बेसच्या धर्तीची, दोन पिकअपची गिटार, आणि सोबत नवाकोरा प्रीअँप डब्यात. "ताई, आवाजात दमच नाही. हा बसवून द्या."

"प्रॅक्टिस कधी आहे?"

"रविवारी. कर्वेनगरला जॅमरूममध्ये."

"मग सोमवारी बसवू. रविवारी मी येते."

रविवारी मी दाराजवळ उभी राहून ऐकलं. दुसरं गाणं चालू असताना पुढे गेले आणि जॅमरूमच्या अँपवरचा मिडचा नॉब, जो डावीकडे पार खाली टेकला होता, तो अर्ध्याच्या पुढे नेला. थोडं खालचं कमी केलं. ड्रमरने मान वर करून बघितलं आणि त्याचा पाय पुढच्याच आवर्तनात बेसवर येऊन बसला. गाणं संपल्यावर मुलगा म्हणाला, "पण ताई, हा आवाज एकटा ऐकला तर नाकातून आल्यासारखा वाटतो." तसा तो वाटतोच, आणि वाटू द्यावा. हे पटायला माणसाला वेळ लागतो, तेवढा मी देते.

प्रीअँप तरीही बसवला. त्याला हवा होता म्हणून, आणि दर आठवड्याला अँप वेगळा मिळत असेल तर मिडचा नॉब स्वतःच्या हाताशी असणं कामाचं ठरतं म्हणूनही. १९७६ मध्ये आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून बेसच्या पोटात असा प्रीअँप असणं सर्रास झालं. नऊ व्होल्टची बॅटरी लागते, आणि तिचा स्विच म्हणजे जॅकच असतो. केबल खोचली की सर्किट चालू. घरी जाऊन केबल तशीच ठेवली की बॅटरी रात्रभर जळते आणि ऐन कार्यक्रमात आवाज फाटायला लागतो. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

खरं तर माझ्याकडे येणाऱ्या बेसपैकी बहुतेकांना नवा भाग काही लागत नाही. लागतो तो सेटअप. चार तारांचा मिळून नेकवर, म्हणजे मानेवर, पंचाहत्तर किलोच्या आसपास ताण असतो, आणि तो लाकूड चोवीस तास झेलत असतं. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी ठणठणीत होते, फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाजूने हाताला बोचायला लागतात. जून उजाडला की तेच लाकूड पाणी पितं. फ्रेटबोर्ड बहुधा शिसवाचा, वरून पॉलिश नसलेला, आणि मागची मान मेपलची, पॉलिश केलेली. दोघं सारख्या वेगाने फुगत नाहीत, म्हणून मान हलते. ज्या शिसवाचे पलंग आणि कपाटं आपल्या जुन्या घरांत असतात, तेच भारतीय शिसव जगभरच्या गिटारींच्या मानेवर बसलेलं आहे, ही गोष्ट मला दर वेळी आवडते.

काम असं चालतं. आधी सूर जुळवून घ्यायचा, कारण ताण बदलला की माप बदलतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा, मान जिथे धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर तार दाबायची आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट फिलर गेजने मोजायची. ०.३५ मिलिमीटर मिळाली की मी खूश. पाती सरकवताना तार वर उचलली जाऊ नये, नुसती घासून जावी. बोटाला ते कळतं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, घट्ट करायचा, पण पाव फेऱ्याच्या वर एका वेळी नाही. मग पुन्हा सूर लावून थांबायचं. लाकडाला बसायला वेळ लागतो, आणि या थांबण्यातच निम्मं काम असतं. मी त्या वेळात चहा करते. त्यानंतर सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची, जाड तारेला २.४ मिलिमीटर, बारीकला २. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक जुळतात का ते बघायचं. दाबलेला चढा लागला तर ब्रिजवरचं सॅडल मागे घ्यायचं. हा क्रम मोडला की सगळं परत करावं लागतं.

एवढं झालं की माणूस वाजवून बघतो आणि विचारतो, पिकअप बदललात का? बोटं कमी जोरात दाबावी लागतात, त्यामुळे लय सुधारते, स्वर लांबतो.

पुढचा विषय घूंघूं आवाजाचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी हा स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे ही घूं आपल्या जी स्वराच्या अगदी अंगाला लागून बसते, आणि जी स्वरावरचं गाणं असेल तर सगळं पिठूळ होतं. सिंगल कॉइल पिकअप ही घूं ओढून घेतात. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हा त्यात असाच पिकअप होता. १९५७ मध्ये त्याने तो दोन तुकड्यांत तोडला, दोन्ही तुकडे उलटसुलट जोडले आणि घूं आपोआप आपसांत खोडली गेली. बेसच्या इतिहासातली याहून सुंदर दुरुस्ती मला माहीत नाही.

पण सगळी घूं पिकअपची नसते. एक हौशी वादक सांगत होता की तार हातात धरली तरी घूं जात नाही, जॅकच्या पत्र्याला बोट लावलं की जाते. हे ऐकल्याबरोबर कळलं की ब्रिजची अर्थिंग तुटली आहे. बेसमध्ये ब्रिजच्या खाली एक उघडी वायर नुसती दाबून ठेवलेली असते, तिच्यामुळे तारा आणि पर्यायाने वादकाचं अंग अर्थ होतं. मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला, एक जॅकच्या बाहेरच्या भागाला लावलं. एक ओहमच्या आत यायला हवं, काहीच आलं नाही. ब्रिजचे स्क्रू काढले. खाली वायरचे धागे हिरवे पडून भुगा झाले होते. नवी वायर आत सोडली, टोक सोलून धागे पंख्यासारखे पसरले आणि वर ब्रिज दाबून बसवला. दुसरं टोक नॉबखालच्या पॉटच्या पाठीवर. तिथे डाग द्यायचा तर पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडावी लागते आणि इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, चांगलं जाड बिटचं लागतं. पंचवीस वॅटच्या बारीक टोकाने पत्रा तापत नाही, सोल्डरची गोळी वर नुसती बसून राहते आणि आठवड्याने सुटते. तापलेल्या पत्र्यावर सोल्डर पाण्यासारखं पसरलं की समजावं, धरलं.

या अर्थिंगची दुसरी बाजू गंभीर आहे. तारा अर्थला जोडलेल्या, म्हणजे अँपच्या पत्र्याला जोडलेल्या. अँपला खरी अर्थिंग नसेल आणि साउंडवाल्याच्या मिक्सरला असेल, तर बेसवर हात आणि ओठ माइकला, असं झालं की व्होल्टेजच्या फरकाने वीज शरीरातून जाते. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीच्या कार्यक्रमात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी असाच माइकला हात लागून मंचावरच मरण पावला. आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीत एक्स्टेन्शन बोर्डाची तिसरी पिन मोडलेली असते, किंवा पिन असते आणि मागे वायरच नसते. एका मंचावर मी तार आणि माइक यांच्यात मल्टिमीटर धरला तेव्हा नव्वद व्होल्टच्या आसपास दिसले. आम्ही बोर्ड बदलून घेतल्याशिवाय सुरू केलं नाही. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, मंडळाचे लोक कुरकुरले, कुरकुरू दिलं. प्रत्येक बेसिस्टच्या केसमध्ये दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर असावा. पेडल नंतर घ्या.

टोनच्या कपॅसिटरबद्दल लोक फार बोलतात. तेलातले, कागदी, जुन्या काळचे, हजारो रुपयांचे. मी तापकीर गल्लीतून ०.०४७ मायक्रोफॅरडचे साधे कपॅसिटर मूठभर आणते आणि मोजून बघते. छापलेल्या आकड्यापासून कुणी दहा टक्के इकडे असतो, कुणी तिकडे. महागात आणि स्वस्तात फरक ऐकू आला तर तो बहुधा या आकड्याचा असतो. पैसे तारांवर घाला. आणि तेही नसतील, कारण बेसच्या तारांचा एक संच दोन हजारांच्या पुढे जातो, तर जुन्या तारा काढून पातेल्यात दहा मिनिटं उकळा. वेटोळ्यांमधला घाम आणि मळ सुटतो, पाणी काळं होतं, तारा पुसून कोरड्या केल्या की काही आठवडे पुन्हा चमकतात.

तरी चमक प्रत्येकालाच हवी असते असंही नाही. बँकेतून निवृत्तीला आलेले एक काका जुन्या हिंदी गाण्यांच्या ग्रुपमध्ये वाजवतात. तबला, ढोलक, ॲकॉर्डियन, कीबोर्ड, दोन गायिका. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत, त्यांचं वाजवणं काकांनी कान लावून लावून उतरवलेलं. स्वर सगळे बरोबर, पण काकांच्या मते "ते तसं येत नाही". नवा पिकअप मागवायचा त्यांचा विचार होता. मी प्रॅक्टिस ऐकली. त्यांच्या नव्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेने गुंडाळलेल्या, तारांचा प्रत्येक स्वर पुढच्या स्वरात सांडत होता आणि डग्ग्याचा घुमारा त्याखाली बुडत होता.

ब्रिजच्या पुढे, तारांच्या खाली, भांडी घासायच्या स्पंजची मऊ बाजू कापून खोचली. फेंडरच्या सुरुवातीच्या बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली फोमची पट्टी कारखान्यातूनच येत असे. आपण विसरलो आहोत इतकंच. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमरसनचा जो गोल, लवकर मिटणारा स्वर आहे, तो फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, तारांचा. त्या तो क्वचितच बदलत असे. आणि वाजवत असे उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने.

काकांनी स्पंज लावून वाजवलं. स्वर उमटला, कामापुरता राहिला, मिटला. तबलेवाल्यांनी पहिल्याच अंतऱ्यात डग्गा मोकळा सोडला, कारण त्याला आता जागा होती. "मॅडम, हे एवढंच?" काकांनी विचारलं. एवढंच. फक्त स्पंज तारांना किती दाबतो हे बघायला हवं, जास्त दाबला तर सूर कळेनासा होतो. आमच्या दोन प्रॅक्टिस कमीजास्त करण्यात गेल्या. गायिकांपैकी एकीने मध्यंतरात विचारलं की आज मॉनिटर बदललाय का, सूर धरायला सोपं जातंय. बेस नीट लागला की त्याचं श्रेय असं भलतीकडे जातं. मला त्याचंच समाधान जास्त वाटतं.

एका मुलाने मात्र मला पुष्कळ दिवस विचार करायला लावला. कॉलेजात आहे, आई घरी शास्त्रीय शिकवते, हा भावगीतांच्या आणि अभंगांच्या एका ताफ्यात बेस वाजवतो. "ताई, फ्रेट काढून द्या. मींड घ्यायची आहे." बाकी सगळी कामं उलटी फिरवता येतात, पिकअप परत बसतो, कपॅसिटर परत बसतो. काढलेले फ्रेट पुन्हा बसवणं म्हणजे जवळजवळ नवी मान करणं. जॅको पास्टोरियसने आपल्या जॅझ बेसचे फ्रेट काढून फ्रेटबोर्डवर इपॉक्सीचा थर दिला आणि १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये जे ऐकवलं, त्यानंतर जगभर किती पोरांनी पकडी हातात घेतल्या असतील. मी म्हटलं, कुणाचा तरी फ्रेटलेस उसना आण आणि ताफ्यात वाजव. मग बोलू.

त्याने आणला. पहिल्या प्रॅक्टिसला कीबोर्डवाल्याने तक्रार केली की वरच्या अंगाला हा उतरतो. ते होणारच होतं. फ्रेटवर आपण बोट फ्रेटच्या मागे ठेवतो आणि फ्रेट सूर सांभाळतो. फ्रेटलेसवर बोट नेमकं रेषेवर लागतं, मागे राहिलं की स्वर उतरलाच. हा मुलगा आईचा तानपुरा लावून सावकाश सराव करायला लागला. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा संथ अभंगात तो पंचमावरून षड्जावर उतरला आणि गाणाऱ्याने त्याच्याकडे वळून बघितलं. जलद गाण्यांत मात्र त्याने फ्रेटवाला बेसच हातात घेतला, आणि हे त्याचं त्यालाच सुचलं होतं. तेव्हा मी होकार दिला.

फ्रेट काढताना आयर्नने प्रत्येक फ्रेट आधी तापवते, आतला गोंद सैल होतो. मग तोंड घासून सपाट केलेल्या पकडीने एका टोकापासून हळूहळू वर, ओढायचं नाही, नुसतं चिमटत पुढे जायचं. घाई केली की शिसवाची कपची उडते. वीस फ्रेट, वीस खाचा. खाचा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित रुंद असतात. सुताराकडून फिकट रंगाच्या व्हिनियरच्या पट्ट्या आणल्या, गोंद लावून खाचांत बसवल्या, म्हणजे रेषा दिसत राहतात आणि मानही ढिली पडत नाही. वाळल्यावर पट्ट्या पटाशीने छाटल्या आणि फ्रेटबोर्डच्या गोलाईचा ठोकळा घेऊन पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासलं, जाड नंबरापासून बारीकपर्यंत. शिसवाची जांभळट भुकटी कपड्यांत, केसांत, चहात. इपॉक्सी त्याला नको होतं, लाकडाचाच स्पर्श हवा होता, म्हणून फ्लॅटवाउंड तारा चढवल्या; राउंडवाउंडने शिसवावर वर्षभरात चरे पडले असते.

त्याच्या ताफ्याचा कार्यक्रम गेल्या महिन्यात झाला. मी मागच्या रांगेत होते. बेस कुठे वेगळा ऐकू येत नव्हता, पण एका ठिकाणी त्याने चुकून तार लवकर सोडली आणि सगळं गाणं क्षणभर हलकं झालं, तेव्हा शेजारच्या बाईंनीही मान वर केली. मानेच्या टोकाचा नट अजून फ्रेटच्या उंचीलाच आहे, त्यामुळे पहिल्या रेषेपाशी तार दाबताना त्याला जोर लागतो. फ्रेटलेसवर ती बोर्डाच्या अगदी जवळ चालते. कानस घेऊन खाचा खोल करायच्या आहेत. शनिवारी येतो म्हणाला आहे.